दारावरची अदब

लिंक्डइनवर अनोळखी माणसाला पहिला संदेश लिहिणं म्हणजे परक्याच्या दारावर जाणं. पळसदरीत बसून आमच्या पुतणीला ते करावं लागलं. तिचं रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालं. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात कारखाने आहेत, पण आमच्यापैकी कुणी त्यांच्या गेटच्या आत गेलेलं नाही. वशिला शून्य. त्यात मुलीनं परक्या पुरुषांना लिहायचं का, यावर घरात दोन दिवस वाद.

तिनं आधी 'सर, कृपया नोकरी द्या' एवढंच लिहून चाळीस जणांना पाठवायचं ठरवलं होतं. ते आम्ही थांबवलं. सूरह नूरच्या 27व्या आयतीत दुसऱ्याच्या घरी परवानगी घेऊन, सलाम करून जायला सांगितलं आहे. बुखारीतली एक हदीस त्याहून बारीक आहे. हजरत जाबिर (रजि.) यांनी प्रेषितांचं (स.) दार ठोठावलं. 'कोण?' विचारल्यावर ते म्हणाले, 'मी.' प्रेषितांना (स.) हे उत्तर आवडलं नाही. 'मी'वरून काय कळणार? नाव सांगावं, काम सांगावं.

मग तिनं असं लिहिलं: 'नमस्कार मॅडम. मी पळसदरीची, यंदा बी.एस्सी. रसायनशास्त्र. आपण तपासणी प्रयोगशाळेत आहात आणि माझ्याच कॉलेजात शिकलात. नव्या मुलीनं आधी कोणतं यंत्र शिकून यावं?' खाली पूर्ण नाव. विनंतीसोबत लिहायला जागाच दोन-अडीच ओळींची असते, ते बरंच आहे. यात नोकरी मागितलेली नाही. नोकरी मागितली की समोरच्याला बहुधा 'नाही' म्हणावं लागतं. सल्ला कुणालाही देता येतो.

वादावर तोड अशी निघाली: आधी बायकांना लिहायचं, मग कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना. मोबाईल नंबर द्यायचा नाही. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, की ते खातं तिथंच बंद करायचं. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदाच आठवण, नंतर गप्प. तीनदा परवानगी मागूनही मिळाली नाही तर परत फिरावं, अशी हदीसच आहे.

सात संदेश गेले, दोन उत्तरं आली. एका बाईंनी एचपीएलसी यंत्र शिक म्हणून सविस्तर लिहिलं. दुसऱ्यांचे दोनच शब्द: 'बायोडेटा पाठव.' तो पाठवला. सोमवारी भेटीला बोलावलंय, आणि आता खोपोलीची कुठली लोकल गाठायची, पुढं एसटी मिळेल का, याची चौकशी चालली आहे.