दोन वाटांची गाडी

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें मोटारसायकल घ्यावयाची, तीहि दुसऱ्यानें वापरलेली, आणि तीहि अशी कीं जी डांबरी सडक सोडून डोंगराच्या गाडीवाटेस लागेल, ही गोष्ट आमच्या घरांत कोणासच रुचली नाहीं. कन्येनें वैद्यकीय आक्षेप घेतले, चिरंजीवांनीं आर्थिक घेतले, आणि पत्नीनें कांहींच न बोलतां आमच्या डाव्या घोट्याकडे नुसतें पाहिलें. हा शेवटचा आक्षेप सर्वांत प्रबळ होता.

आम्ही दिंडोरीस राहतों. दक्षिणेस नाशिककडे जाणारी वाहती सडक आणि तिच्या दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे. पश्चिमेस ननाशीकडे वळलें कीं मळे विरळ होतात व चढउतार सुरू होतात. उत्तरेस अचला, अहिवंत, मार्कंड्या हे सातमाळेचे किल्ले. आठवड्यांतील पांच दिवस सडकेनें कॉलेजास जावयाचें आणि सुटीच्या दिवशीं एखाद्या किल्ल्याचा पायथा गांठावयाचा, असा आमचा क्रम. पूर्वीं आम्ही एस. टी. नें वणीस उतरून पुढें पायीं जात असूं. आतां गुडघे केवळ किल्ला चढण्यापुरते उरले आहेत. पायथ्यापर्यंतची पायपीट वजा केली तरच माथा दिसतो.

सडक आणि पायवाट दोन्ही जाणणाऱ्या गाडीस ड्युअल स्पोर्ट म्हणतात. यामाहानें १९६८ सालीं डीटी-१ नांवाची अडीचशें सी. सी. ची गाडी अमेरिकेंत विकावयास काढली, तेव्हांपासून ही जात घराघरांत शिरली. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ सालीं आली व पुढें बंद पडली. २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची ४११ सी. सी. ची हिमालयन आली. २०१९ सालीं हीरोची एक्सपल्स २००. कोरी गाडी आमच्या हिशेबांत बसत नव्हती, म्हणून या शेवटच्या दोहोंपैकीं एखादी जुनी पाहावी असें ठरलें.

जुन्या काळीं लोक घोडा घेतांना दांत पाहत, अंगावरचे भोवरे मोजीत. घोड्याचें शास्त्र शालिहोत्राच्या नांवावर आहे. वापरलेल्या मोटारसायकलीचें शास्त्र आमच्या गांवांत एका मिस्त्र्यापाशीं आहे. त्याचा पहिला नियम असा: "सर, चावी मागायच्या आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं, तर मालकानं आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय." थंड इंजिन पहिल्या प्रयत्नांत कसें उठतें, धूर कसा सोडतें, खडखडतें काय, यांवरच त्याची खरी प्रकृति कळते. तोंडी परीक्षेपूर्वीं प्रश्न फुटलेला विद्यार्थी आणि आधींच तापविलेलें इंजिन यांत आम्हांला फारसा भेद दिसत नाहीं.

पुढचें चाक उचलून हँडल सावकाश फिरवावें. मध्यावर तें खांच पडल्यासारखें अडकलें तर आंतलें बेअरिंग खड्ड्यांनीं खाल्लें आहे. पुढचे शॉकअप दाबून सोडावे. दांडीवर तेलाची ओली कडी दिसली तर सील गेलें. चाक फिरवून आऱ्या एकेक वाजवाव्या. सैल आरीचा आवाज बद्द येतो. इंजिनाखालचा पत्रा पाहावा, कारण गाडी कोठें कोठें हिंडली याचें आत्मचरित्र तेथें लिहिलेलें असतें. किलोमीटरचा आंकडा मालक सांगतो, परंतु पाय ठेवण्याच्या दांड्यांची झीज व चेनच्या चक्राचे दांत निराळाच आंकडा सांगतात. कागदपत्रांचें मिस्त्र्यास वावडें. तीं आम्हींच पाहिलीं. आर. सी. वरील क्रमांक चेसिसवरच्या क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं, बँकेचा बोजा उतरला कीं नाहीं, आणि २९ व ३० या नमुन्यांवर मालक सही करावयास खळखळ करतो काय, एवढें पुरे.

पहिल्या गाडीचें इंजिन ऊन लागलें. आम्ही चहा पिऊन परतलों. दुसरीचा रंग फार ताजा होता. तिसरी हिमालयन. ती आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची होती, आणि मिस्त्र्यास तींत नांव ठेवण्याजोगें कांहीं सांपडेना. सडकेवर ती अशी चालली कीं आम्हांला आमचें वय आठवेना. आम्ही तेथेंच विसार देणार होतों. परंतु सोबत पत्नी आली होती.

आतां त्या घोट्याविषयीं सांगितलें पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं एका मित्राची भारी गाडी मागून घेऊन आम्ही एकटेच अचल्याच्या बाजूस गेलों होतों. मुरमाच्या उतारावर गाडी घसरली, आणि आमचा पाय तिच्याखालीं अडकला. एक गुराखी मुलगा येईपर्यंत आम्ही तसेच पडून होतों. तापलेला सायलेन्सर पोटरीस टेकला होता. घरीं आम्हीं कॉलेजच्या जिन्यावर पाय मुरगळल्याचें सांगितलें. जिन्यावर पडून कातडी भाजत नाहीं, एवढें तर्कशास्त्र पत्नीस अवगत होतें. तिनें तीन वर्षें तो विषय काढला नाहीं, इतकेंच.

ती म्हणाली, "ही गवतावर आडवी करा, आणि एकट्यानं उचलून दाखवा."

हिमालयनचें वजन १९९ किलो. रीत आम्हांला ठाऊक होती: हँडल पुरतें वळवावें, गाडीकडे पाठ करून बैठकीला कंबर टेकावी, एक हात मुठीवर व दुसरा मागच्या दांडीवर घ्यावा, आणि पाठीनें न उचलतां पायांनीं मागें रेटीत जावें. रीत बरोबर होती, गुडघे नव्हते. दुसऱ्या खेपेस गाडी अर्धी उठली आणि परत बसली. विद्यार्थी धांवला, तेव्हां पत्नीनें त्यास हातानें अडविलें. "थांब. डोंगरात तू नसणार."

चौथी एक्सपल्स, एका द्राक्षबागाइतदाराच्या पडवींतली, चिखलानें माखलेली. वजन १५७ किलो. जमिनीपासून पोटाची उंची हिमालयनइतकीच, २२० मिलिमीटर, पण बैठक ८२३ मिलिमीटर उंच. आमच्या पायांचे चवडे तेवढे टेकत. सडकेवर ती जोरानें पिटाळली तर कण्हते, आणि मागून ट्रक आला कीं वाट द्यावी लागते. हें सारें आम्ही पत्नीस पटवून सांगत असतांना तिनें गाडीकडे बोट केलें. आम्हीं ती आडवी केली व उचलली. पुन्हां आडवी केली व उचलली. १६७० सालीं याच वणी-दिंडोरीच्या मुलखांत दाऊदखानाशीं झुंजलेल्या फौजेचीं तट्टें हलकीं होतीं, हें इतिहास शिकविणाऱ्या माणसास तेवढ्यांत आठवावें हें स्वाभाविकच होय. हिमालयनचें दुःख मात्र त्यानें गेलें नाहीं. नाशिकच्या सडकेवर ती शेजारून गेली कीं अजून मान वळते.

मिस्त्र्यानें बैठकीचा फोम थोडा कापून दिला. पुढच्या रविवारीं निघतांना पत्नीनें हेल्मेट मागितलें आणि मागें बसली. वणी सोडल्यावर डांबर संपलें, तेव्हां ती कानाशीं म्हणाली, "तुम्हाला गाडीखालून ज्यानं कोणी काढलं, त्याचं गाव कुठलं?"

आम्हीं वेग कमी केला आणि उजवीकडची वाट दाखविली.