नातवालाही होईल का?

चिखलीकडील एक आजी गेली अनेक वर्षे मुलाची औषधे नेण्यासाठी माझ्याकडे येतात. मुलाला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया आहे. कानी आवाज येऊ लागले तेव्हा नातू पाळण्यात होता. घरच्यांनी मुलाला प्रथम पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेले. आपल्या जिल्ह्यात त्याचे नवल नाही. होळीच्या यात्रेला तर दूरदूरचे नातलग तेथे आपला रुग्ण घेऊन येतात. श्रद्धेवरून मी त्यांना कधी बोललो नाही. औषधावाचून गेलेल्या चार वर्षांची हळहळ मात्र आजही वाटते.

दिवाळीपूर्वी त्या एकट्याच आल्या. चिठ्ठी हाती घेऊनही उठेनात. मग हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, नातू सतराचा झाला. त्यालेबी होईन का हे?”

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार वाईट दिले आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका वडिलांनी मुलीच्या लग्नाआधी हेच विचारले होते. तिची आई रुग्ण होती. “हा आजार आनुवंशिक असतो,” एवढेच मी बोललो. वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. त्यांनी ते पुरे मानले आणि मुलीचे लग्न पुन्हा काढलेच नाही. ती आज चाळिशी ओलांडून गेली आहे, आईचे सारे करते, आणि स्वतः ठणठणीत आहे.

म्हणून आजींना मी बसवून घेतले. सर्वसाधारणपणे शंभरांत सुमारे एकाला हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरांत सुमारे दहा होते. धोका दसपट खराच. पण दहांतील नऊ मुले त्यातून सुटतात, हेही तितकेच खरे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात, तरी एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. निम्म्याच्या आसपास जोड्यांत दुसरा निरोगी राहतो. सारे जनुकांच्याच हाती असते, तर असे झाले नसते.

शिवाय हे एका जनुकाचे काम नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात या आजाराशी संबंधित अशी २८७ ठिकाणे आपल्या जनुकसंचात आढळली. प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा, आणि त्यांतील काही तुमच्या-माझ्यातही असणारच. तेव्हा दोष सासरचा की माहेरचा, हा वाद निरर्थक आहे. लग्नापूर्वी रक्त तपासून याचे भाकीत करता येईल अशी चाचणीही नाही. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतोच.

जे हाती आहे ते मी सांगितले. गांजापासून या मुलाने कटाक्षाने दूर राहावे. अशा घरातील तरुणांना तो अधिक घातक ठरतो. झोप उडाली, मित्र तुटले, अकारण संशय वाढला, तर आठवडे न दवडता दाखवावे. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण नातवाला दिवसभर न्याहाळत बसू नये. मुलांना ते कळते आणि सलते.

आजींनी दहा बोटे उघडली, एक मिटले, आणि उरलेल्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

पुढच्या खेपेस त्या नातवाला घेऊन आल्या. तो बारावीला आहे. वडिलांची रात्रीची गोळी आता तोच देतो. गांजाचे विचारले तेव्हा तो हसून “नाही” म्हणाला. आजी मात्र माझ्याकडे न पाहता त्याच्याच तोंडाकडे पाहत होत्या.