सुरखाबाचे पर

पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात नववीच्या वर्गात मुहावरे चालले होते. 'सुरखाब का पर लगा होना' हा मुहावरा आला. एखादा स्वतःला फार विशेष समजू लागला की त्याला विचारतात, 'तुझमें क्या सुरखाब के पर लगे हैं?' मराठीत आपण म्हणतो, 'तू कोण मोठा टिकोजीराव लागून गेलास?' मुले हसली. वाक्यात उपयोग लिहायला मी फळ्याकडे वळले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, सुरखाब दिखता कैसा?"

बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रे पाठ करायला लावली होती. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. मी मात्र गेली आठ वर्षे हा मुहावरा पक्ष्याशिवायच शिकवत आले होते. शब्द फोडून सांगितला : सुर्ख म्हणजे लाल, आब म्हणजे पाणी. पंजाबातला आब, मुर्गाबीतला आब तोच. पण पोराचे समाधान झाले नाही. शेवटी मी म्हणाले, "बतख जैसा होता है, ईंट के रंग का. मैंने देखा है, पाषाण के तालाब पर. मेरे अब्बा ने दिखाया था."

दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवरून उतरवलेले चित्र घेऊन आला. "टीचर, ये तो कहीं का भी होगा. आपका वाला दिखाओ ना."

माझा सुरखाब माझ्याकडे होता. घरी दहावीच्या सर्टिफिकेटांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलेला पोस्टकार्ड आकाराचा एक फोटो. अब्बा कॅम्पातल्या एका फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये काम करायचे. हातांना कायम औषधांचा वास. लोकांची लग्ने, बारशी, पासपोर्ट सगळे त्यांच्या हाताखालून कागदावर उमटायचे, पण स्वतःचा कॅमेरा त्यांना कधी घेता आला नाही. वर्षातून दोन-तीनदा मालकाच्या परवानगीने ते रविवारी कॅमेरा घरी आणत आणि मला पीएमटीने पाषाणला नेत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. छत्तीस फोटोंचा एकच रोल, त्यात ईदचे, मामूंच्या मंगनीचे, आजीचे फोटो काढून उरलेले चार-पाच तळ्यासाठी. त्यामुळे अब्बा तासभर नुसते बघत बसत आणि एकदाच बटण दाबत. त्या दिवशी पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडावर पाच-सहा तपकिरी बदके बसली होती. अब्बा माझ्या कानाशी म्हणाले, "देख बेटा, सुरखाब. हिमालय के उस पार से आते हैं ये."

अब्बा २०१६ साली गेले. त्यानंतर मी पाषाणला गेले नव्हते.

त्या पोराच्या प्रश्नाने मला पुन्हा तिकडे लोटले. हप्त्यांवर एक जुना, लांब झूमचा कॅमेरा घेतला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा आपल्या राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळतात. तो दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येत असल्याने शाळांतून बहुधा कागदावरच पार पडतो. म्हटले, आपण एकटीने तरी पाळावा. फजरची नमाज पढून स्कूटी काढली तेव्हा अम्मी दारातून म्हणाली, "परिंदे देखने इत्ती दूर? कव्वे तो अपनी खिड़की पे भी आते."

पाषाण तलाव इंग्रजांच्या काळात बांधलेला. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला, इथून पाणी जात असे. भूगाव-बावधनकडून येणारी रामनदी या तलावात शिरते आणि पुढे बाणेरच्या बाजूने मुळेला मिळते. माझ्या लहानपणी बसमधून उतरल्यावर शेतांच्या कडेने चालत जावे लागे. आता एका अंगाला बायपासची घरघर थांबत नाही आणि चारी बाजूंनी इमारती उभ्या आहेत. तळ्याच्या काठाने फिरायला वाट केली आहे, बांबूची दाट रांग आहे. त्या रांगेतून मी पाणी शोधू लागले, तर पाणीच दिसेना. होती ती हिरवीगार जलपर्णी, लांबवर पसरलेली. एखाद्याला वाटावे, कुणी शेती केली आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचे जांभळे फूल सुंदर असते, म्हणूनच माणसाने ती जगभर नेली. सांडपाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट हे तिचे खाणे. वरच्या वस्त्या वाढल्या, त्यांचे मैलापाणी रामनदीत आले आणि तळ्यात तिची चंगळ झाली. तिचा गालिचा पसरला की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. पालिका ती काढते, ती पुन्हा येते. आजार नदीत आहे, नुसता तळ्याचा चेहरा धुऊन कसा जाईल?

तरीही पक्षी होते. जलपर्णीवरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब लाल पाय टाकत हिंडत होत्या. वंचक ढोकरी जागच्या जागी उभी होती. मोकळ्या पाण्याच्या एका पट्ट्यात टिबुकल्या बुडी मारत होत्या. तारेवर खंड्या होता, आमच्याकडचा किलकिला. मी कॅमेरा वर केला तोच फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. माझा स्कार्फ पाहिला, कॅमेरा पाहिला. "कशाचे फोटो घेताय? कुणासाठी?" मी म्हणाले, "पक्ष्यांचे. शाळेसाठी." ते पुढे गेले, पण वळून वळून पाहत राहिले. माझा हात असा थरथरू लागला की खंड्याचे सहाही फोटो हलले.

बांबूंच्या पलीकडे गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक वयस्क काका बसले होते. त्यांनी हे सारे पाहिले असावे. म्हणाले, "ताई, इथे खाली बसा. उभ्याने कॅमेरा हलतो." मी बसले. थोड्या वेळाने त्यांनी पाण्यातले काळे पक्षी दाखवले. कपाळावर पांढरा टिळा. "याला काय म्हणतात माहीत आहे? वारकरी!" मला हसू आले. मी त्यांना हुदहुद म्हणजे हुप्प्या हे सांगितले, कुरआनात हजरत सुलेमानांकडे खबर घेऊन येणारा तो हाच. अबाबील, टिटहरी सांगितले. काकांनी खिशातल्या वहीत सगळी नावे लिहून घेतली आणि म्हणाले, "चितमपल्लींनी जन्मभर हेच केले. माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली."

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. डिसेंबरपर्यंत माझ्या वहीत तीसेक पक्षी झाले, सुरखाब मात्र नाही. एके दिवशी धीर करून मी पर्समधून अब्बांचा फोटो काढला. म्हटले, "काका, पूर्वी इथे सुरखाब यायचे. तुमचा चक्रवाक. हा पुरावा."

काकांनी चष्मा वर सरकवला, खिशातून छोटे भिंग काढले. बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, फोटो फार छान आहे. पण हा चक्रवाक नाही. ही अडई आहे." त्यांनी एकेक खूण दाखवली. चक्रवाकाचे अंग नारिंगी आणि डोके त्याहून फिकट असते. अडई सगळीच तपकिरी, मान लांब, चण लहान. चक्रवाक सहसा पात्राच्या कडेला, वाळूत किंवा गवतात बसतो. असे रांगेने वाळक्या फांदीवर बसणे अडईचे. ती हिमालयापलीकडून येत नाही. इथलीच आहे, उडताना शीळ घालते.

मला राग आला. काकांचा की अब्बांचा, कळेना. घरी येऊन फोटो पेटीत टाकला आणि दोन रविवार गेलेच नाही. अब्बांनी मला दिलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक. तीही चुकीची निघावी? आणि तीच मी आठ वर्गांना भरवशाने सांगत आले होते.

त्या दिवसांत सलीम अलींची गोष्ट पुन्हा आठवली. दरवर्षी मुलांना सांगते ती. मुंबईतल्या आईबापाविना वाढणाऱ्या त्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजींना ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. साहेबांनी सांगितले, ही नेहमीची चिमणी नव्हे, पीतकंठी चिमणी. आणि पक्ष्यांच्या नमुन्यांनी भरलेले कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. पुढे त्याच मुलाने १९४१ साली भारतीय पक्ष्यांचे पुस्तक लिहिले आणि १९८५ च्या आत्मचरित्राच्या नावात ती चिमणी जपली. आजवर ही गोष्ट सांगताना माझे सगळे लक्ष त्या मुलाकडे असे. या वेळी मामांकडे गेले. मला माहीत नाही, चल विचारू, असे म्हणणारा मामा. अब्बांना विचारायला कुणी मिलार्ड नव्हता. पक्ष्यांचे पुस्तक नव्हते, दुर्बीण नव्हती. त्यांच्याजवळ उर्दूतला एक सुंदर शब्द होता आणि समोर तपकिरी बदके होती. त्यांनी ती एकमेकांना जोडून दिली.

जानेवारीत मी पुन्हा काकांकडे गेले. म्हटले, "खरा चक्रवाक कुठे दिसेल?" त्यांनी सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटचे नाव सांगितले. "लांब वाटेल, पण पाणी इथलेच. रामनदी मुळेत, मुळा मुठेला मिळते आणि दोघी तिथून पुढे भीमेकडे जातात."

पुढच्या रविवारी भावाला घेऊन कवडीपाटला गेले. जुना बंधारा, त्याखाली साबणासारखा पांढरा फेस, नाकाला रुमाल लावावा असा वास. अख्ख्या पुण्याचे सांडपाणी तिथे वाहत येते. आणि त्या फेसाच्या कडेला, खडकांवर, विटेच्या रंगाची मोठी बदके जोडीजोडीने उभी होती. सुरखाब! लडाख, तिबेट, मध्य आशियातून आलेले. हिमालय ओलांडताना हा पक्षी ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याची नोंद झाली आहे. इतकी उंची पार करून यायचे आणि आमच्या मोरीच्या पाण्यात उतरायचे! संस्कृत काव्यातली चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना साद घालते म्हणतात. इथे दोन्ही काठांवर प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या.

कुठेतरी कुत्रे भुंकले आणि थवा उडाला. मी बटण दाबत राहिले.

सोमवारी वर्गात दोन फोटो लावले. एक माझा, एक अब्बांचा. माझ्याखाली लिहिले : सुरखाब, चक्रवाक, कवडीपाट. अब्बांच्या फोटोखाली लिहिताना खडू अडला. मग लिहिले : अडई, पाषाण तलाव. मुलांना सांगितले, "मैंने तुमको ग़लत बताया था. अब्बा को भी मालूम नहीं था."

वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा पोरगा उठून फोटोंजवळ आला. आधी माझा फोटो निरखला. उडत्या सुरखाबाचे पंख पसरलेले होते. "टीचर, सुरखाब के पर तो सफ़ेद निकले!" खरेच, अंग विटेचे, पण पंख उघडले की पुढचा भाग पांढराशुभ्र आणि टोके काळी. इतकी वर्षे मुहावरा शिकवून मला परांचा रंग माहीत नव्हता. मग तो अब्बांच्या फोटोपुढे थांबला. म्हणाला, "ग़लत बोले, पर दिखाए तो सही उनो."

त्या फेब्रुवारीपासून हिवाळ्यात महिन्यातून एकदा मी मुलांना पाषाणला नेते. पालकांच्या सहीची चिठ्ठी, वडापाव आणि काकांची दुर्बीण. पहिल्या खेपेला सात जण होते, त्यात चार मुली. वहीत उर्दू आणि मराठी नावांचे दोन रकाने आखले आहेत. मुली उजवीकडून लिहीत येतात, काका डावीकडून. मधेच कुठेतरी वारकऱ्याशी दोघांची गाठ पडते. तिसरा रकाना मी मुद्दाम ठेवायला लावला आहे : 'नाही दिसला.' गेल्या दोन हिवाळ्यांत त्यात दर वेळी सुरखाब लिहिला गेला. अडईही अजून तिथेच आहे. ते वाळके झाड आता नाही.

एका मुलीने विचारले, "टीचर, जो दिखा ही नहीं, वो हर बार काहे को लिखना?"

मी म्हणाले, "लिहीत जा. न लिहिलेले लवकर विसरतात." तिने मान हलवली, रकान्यात नाव घातले आणि टिबुकली पुन्हा कुठे वर येते ते बघायला काठाकडे पळाली.