बडोद्याचे अकरा दिवस आणि आपली पहिली नोकरी

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे बडोदा येते. स्टेशनच्या सयाजीगंज बाजूने बाहेर पडावे आणि काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडे चालू लागावे. तिथेच सयाजीबाग लागते. जुनी माणसे तिला अजून कामाठीबाग म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठची ही बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवली. बागेत झाडांची गर्द सावली आहे, म्युझियम आहे, पोराबाळांना हिंडायला भरपूर जागा आहे. आपली माणसे मात्र इथे वेगळ्या ओढीने येतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला इथल्या वडाखाली गर्दी होते. या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो.

इथे काय घडले ते आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण नव्या नोकरीवर निघालेल्या मुलामुलींनी ते पुन्हा एकदा, नोकरीच्या नजरेने वाचावे.

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब परदेशात शिकले. करारानुसार १९१७ साली ते नोकरीवर हजर झाले. विद्या होती, महाराजांचा हुकूम होता. नव्हते ते फक्त डोक्यावर छप्पर. हॉटेलात कोणी घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच. दिवसा कचेरी, रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टेबलावर टाकत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाला नोकरचाकर निघून जातील ही भीती, दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते. दोघेही शिकलेले, पण दार दोघांनीही उघडले नाही. संध्याकाळ या बागेत काढून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

यातून एक गोष्ट लख्ख दिसते. माणूस नोकरीत रुजतो की नाही, हे नुसत्या हुशारीवर ठरत नाही. संध्याकाळी तो कोणत्या दाराशी जातो, यावरही ते ठरते.

आज आपली मुले चाकणच्या कंपनीत लागतात, सुरतेला, हैद्राबादला जातात. मुली नर्स होऊन परक्या शहरात उभ्या राहतात. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, हॉटेल-धर्मशाळेत मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरी आडनाव ऐकल्यावर “खोली कालच गेली हो” म्हणणारे मालक भेटतात. त्यासाठी तयारीने जावे.

हजर व्हायच्या तारखेआधी दोन-चार दिवस पोचावे. तिथले बुद्धविहार कुठे, आपली वस्ती कुठे, नात्यागोत्यातले कोण आहे, याची चौकशी गावाहूनच करावी. नाव लपवून खोली घेऊ नये. बाबासाहेबांपुढे त्या काळी दुसरा मार्गच नव्हता, आपल्यापुढे आहे. लपवलेल्या नावाच्या खोलीत झोप लागत नाही.

पहिला महिनाभर कामावर वेळेच्या आधी पोचावे. समजले नाही ते विचारावे, वहीत टिपून ठेवावे. साहेबाइतकाच जुना कारकून आणि जुना शिपाई उपयोगी पडतो, त्यांना मानाने हाक मारावी. डबा कोपऱ्यात एकट्याने खाऊ नये, चारजणांत बसून खावा. नेमणुकीच्या पत्राच्या आणि दाखल्यांच्या प्रती जवळ असाव्यात. केंद्र सरकारच्या खात्यांत अनुसूचित जातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो. त्याचे नाव पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावे. कोणी अपमान केला तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावे. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये.

पण अर्धे काम नव्या मुलाचे, अर्धे आपले. जे आधीच शहरात स्थिरावले आहेत, ज्यांची स्वतःची खोली आहे, त्यांनी गावाकडून आलेल्या मुलाला पहिला पगार होईपर्यंत थारा द्यावा. त्याला बसचा नंबर सांगावा, स्वस्त खाणावळ दाखवावी, रात्री “आज काम कसं झालं रे?” एवढे विचारावे. मुलगी असेल तर घरातल्या बाईने स्वतः जाऊन तिची खोली पाहावी. यात पैसा फारसा लागत नाही.

बडोद्यात १९१७ साली एक दार उघडले असते तर ती नोकरी अकरा दिवसांत संपली नसती. आपल्या ओळखीचे कोणी उद्या नव्या गावी कामाला येत असेल, तर एक चटई आणि एक ताट जास्तीचे ठेवा.