दुखणे आणि दाबणे

वेदनेविषयी आम्ही साहित्य शिकणारे-शिकवणारे विपुल बोलतो. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीत एक साधा प्रश्न आम्हांला अडवतो : ‘दुखतंय, की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?’ स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेले लिग्नोकेन मज्जातंतूत सोडियमचा प्रवेश रोखते, आणि वेदनेचा संदेश वाटेतच थांबतो. दाबाची जाणीव मात्र पुष्कळदा उरते. हा भेद रुग्णाच्या शब्दावरूनच दंतवैद्याला कळतो. दाबाला दुखणे म्हटले, तर सुई पुन्हा टोचली जाते. दुखणे सोसून गप्प राहिलो, तर दाढ तशीच उपटली जाते. वर्गात वेदनेसाठी प्रतिमा शोधता येते. खालच्या दाढेसाठी बधिर केलेल्या अर्ध्या जिभेने क्रियापदच नेमके निवडावे लागते.