येरवड्यातून दिसणारं हवाई दल

आगाखान पॅलेस म्हटलं की गांधीजींची बेचाळीसची नजरकैद, महादेवभाई आणि कस्तुरबा आठवतात. तसंच व्हायला हवं. पण १८९२ मध्ये हा वाडा बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांनीच १९२९ मध्ये पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधलं अंतर विमानानं एकट्यानं पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी ते होतं. मे १९३० मध्ये अस्पी इंजिनियर या सतरा वर्षांच्या पारशी मुलानं ते जिंकलं. उलट दिशेनं निघालेले जेआरडी टाटा त्याला इजिप्तमध्ये भेटले. अस्पी तिथे स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला आणि बक्षीस अस्पीला मिळालं. हा मुलगा पुढे हवाई दलात शिरला आणि १९६० मध्ये दलाचा प्रमुख झाला. नगर रस्त्यावरच्या या वाड्याच्या फाटकाशी ही हकिगतही कुणीतरी सांगायला हवी.

*

१९३२ चा शरद ऋतू. २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू झालं, २४ ला पुणे करार झाला, २६ ला उपोषण सुटलं. पुढच्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला, हिंदी हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली. १५ ऑक्टोबरला जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोड तळावर दलाचं पहिलं स्क्वॉड्रन उभं राहिलं, तेव्हाही गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातच होते. एकाच सरकारनं एका हातानं कैद चालवली आणि दुसऱ्या हातानं, फार नाखुशीनं, हिंदी तरुणांना विमानं दिली. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो काळ मला समजत नाही.

*

हिंदी माणसाला लढाऊ विमान चालवता येतं हे पहिल्या महायुद्धातच सिद्ध झालं होतं. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे चौघे फ्रान्सच्या आकाशात लढले. वेलिणकर जून १९१८ मध्ये गेले. त्यांचं नाव मुंबई-पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं. ते किलकिलं व्हायला, सैन्याच्या अधिकारीवर्गात हिंदी माणसं घेण्याचा विचार करणाऱ्या स्कीन समितीचा अहवाल यावा लागला. त्यानंतर १९३० मध्ये पहिले हिंदी तरुण इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला वैमानिक प्रशिक्षणाला गेले.

*

पाच वैमानिक आणि चार वापिती विमानं एवढ्यावर दल सुरू झालं. वापिती म्हणजे उघड्या बैठकीचं, दोन माणसांचं, दुपंखी विमान. जुन्या डीएच-९ए विमानांचे शिल्लक भाग खपावेत म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं. त्यात काटकसर होती, आणि इतक्या लहान दलाला याहून चांगलं द्यायची इच्छाही नव्हती.

वर्षाच्या आत या पाचांतले भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग अपघातात गेले. पुढे तिसरे वैमानिक सरकार यांनाही सेवा सोडावी लागली. मूळच्या पाचांतले सुब्रतो मुखर्जी आणि अवान तेवढे उरले.

*

स्क्वॉड्रनचा इतिहास वैमानिकांच्या नावांनी सांगायची पद्धत आहे. मला तो हवाई शिपायांच्या बाजूनं सांगावासा वाटतो. इंजिन उघडणारे, पंखांचं कापड ताणणारे, बॉम्ब चढवणारे हे लोक. हरजिंदरसिंग हे त्यांच्यातलेच. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस साधा शिपाई म्हणून भरती झाला. हिंदी हवाई दल उभं राहतंय, तर त्याची यंत्रं हिंदी हातांनीच दुरुस्त झाली पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात लायसँडर विमानांना बॉम्ब लावायची सोय करण्यात ते पुढे होते. शेवटी ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूरला विमानबांधणीचं काम त्यांनी उभं केलं. परकी कारकुनानं लिहिलेल्या हजेरीपटावरच्या शिपायाच्या हुद्द्यातून सुरू झालेली ही वाट आहे. विमानदलाचं खरं स्वातंत्र्य मला कार्यशाळेत सुरू झालेलं दिसतं.

*

यापुढचं टिपण अवघड आहे, पण गाळता येत नाही.

या दलाची पहिली कामगिरी वझिरीस्तानात झाली. १९३६-३७ मध्ये ‘इपीचा फकीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या पठाण धर्मगुरूच्या बंडाविरुद्ध मिरानशाहहून वापिती उडाल्या. आधी इशाऱ्याची पत्रकं टाकायची, लोकांनी गाव सोडायचं, मग बॉम्ब टाकायचे, अशी साम्राज्याची रीत होती. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बफेकीवर बंदीची चर्चा झाली, तेव्हा दूरच्या प्रांतांच्या ‘बंदोबस्तासाठी’ ती चालू ठेवण्याचा हट्ट ब्रिटननं धरला. गाव मोकळं केलं तरी घर, साठवलेलं धान्य आणि गुरं तिथेच राहतात. हिंदी तरुणांनी शौर्य दाखवलं यात शंका नाही, पण ते शौर्य त्यांच्याच देशातल्या, त्यांच्यासारख्याच पारतंत्र्यातल्या माणसांविरुद्ध वापरलं गेलं. दलाच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत हे सांगितलं तर त्या वैमानिकांचा मान कमी होणार नाही.

*

हे दल किती लहान ठेवलं गेलं, ते एका तुलनेवरून कळतं. फिनलंडची लोकवस्ती तेव्हा चाळीस लाखांहूनही कमी होती, आणि १९३९ मध्ये त्यांच्याकडे शंभराहून अधिक लष्करी विमानं होती. १९३१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या पस्तीस कोटी भरली होती, आणि महायुद्ध सुरू होताना हिंदी हवाई दलाकडे एकच स्क्वॉड्रन होतं. हे पैशाच्या तुटवड्यामुळे घडलं असं मला वाटत नाही. हा अविश्वास होता.

*

१६ मार्च १९३९ ला सुब्रतो मुखर्जींनी त्या स्क्वॉड्रनची सूत्रं हाती घेतली. तोवर तिथे हिंदी माणूस प्रमुख नव्हता. त्याच वर्षी मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी इंग्रजांनी लोहगावचा तळ उभारला. आज येरवडा, विमाननगर, विश्रांतवाडीच्या गच्च्यांवरून दिसतात ती सुखोई तिथलीच.

मग युद्धानं घाई केली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी राखीव तुकड्या निघाल्या. त्यांतली मुंबईची तुकडी जुहूहून त्याच जुन्या वापिती घेऊन समुद्रावर गस्त घालू लागली. वीस वर्षं अडवलेली भरती काही महिन्यांत खुली झाली. १९४० मध्ये त्या दारातून आत आलेल्यांत हृषीकेश मुळगावकर नावाचा मराठी तरुण होता. तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला आणि १९७६ मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.