अनारसा हसतो तेव्हा

२०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलैला. जावयाचा तो पहिलाच अधिक महिना. वाण द्यायचं ते जाळीदार पदार्थाचं, म्हणजे बत्तासे नाहीतर अनारसे, आणि संख्या ३३. अनारसे विकत आणायचे नाहीत, असं मी ठरवलं. करंज्या, शंकरपाळे, चिरोटे मी वर्षानुवर्षं तळत आले होते, पण अनारशाच्या वाटेला कधी गेले नव्हते.

अर्धा किलो जुना तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. निथळून, सुकवून, दळून, चाळून घेतला. गूळ आणि चमचाभर तूप घालून पिठाचा गोळा डब्यात चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी खसखशीवर पहिला अनारसा थापला, तुपात सोडला आणि तो हसला.

आमच्याकडे याला हसणंच म्हणतात. आधी कडा सैल झाल्या, मग मधोमध भेग गेली आणि बघता बघता कढईभर तपकिरी भुगा पसरला. झारा खाली घातला तर उचलायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही. गूळ तळाशी बसून करपला, तूप काळपट झालं. आठ दिवसांची मेहनत होती ती. मी गॅस बंद केला आणि रडू आवरत मोठ्या जाऊबाईंना फोन लावला.

मला वाटलं, तूप किती तापलं होतं ते विचारतील. त्यांनी विचारलं, "पीठ कसं मोजलंस?"

"वाटीनं."

"आणि गूळ?"

"वाटीनंच, जाऊबाई. पीठ एक वाटी, गूळ एक वाटी."

"किसलेला गूळ दाबून भरलास का गं?"

भरला होता. पीठ हलक्या हातानं, गूळ दाबून. तुपात पडताच गूळ वितळतो आणि त्याला धरून ठेवण्याइतकं पीठ नसलं की अनारसा सुटतो. चूक पाच दिवसांपूर्वीच्या एका वाटीत होती आणि मी ती कढईत शोधत होते.

पुन्हा तांदूळ भिजवला. या वेळी गूळ वाटीला थोडा कमीच घेतला, न दाबता. पण बाहेर पावसाची झड लागलेली. कापडावर पसरलेला तांदूळ सुकेना, म्हणून रात्रभर पंखा लावून ठेवला. सकाळी तो खडखडीत वाळला होता. तरीही दळला. हे अनारसे हसले नाहीत, पण त्यांना जाळीही पडली नाही. टणक, चपटे, बत्तीशीची परीक्षा घेणारे झाले. अनारशाच्या पिठात पाण्याचा थेंब घालत नाहीत; तांदळाच्या अंगात उरलेली ओलच तुपाच्या आचेनं वाफ होऊन बाहेर पडते आणि जाळी पाडते. ती ओल मी पंख्यावर घालवली होती. खरं तर घड्याळाकडे बघायचंच नव्हतं. मूठभर तांदूळ दाबून पाहायचा. हाताला दमट लागला पाहिजे, पण तळव्याला चिकटता कामा नये. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पाककृतीत 'सावलीत सुकवा' एवढंच असतं, आणि ते पुरेसं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या खेपेला जाऊबाई स्वतः आल्या. पुरीच्या सवयीनं मी अनारसा उलटायला झारा घातला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. खसखस खाली गेली की तुपात सुटते, करपते, पुढच्या प्रत्येक अनारशाला ते काळे कण चिकटतात. "खसखस वर राहू दे. कडेचं तूप वर उडवत राहा. मंद आच." त्यांनी तसं करून दाखवलं. पांढऱ्या खसखशीखालून बारीक बुडबुडे वर आले, मध्यभागी छिद्रं उघडली, कडा बदामी झाल्या. मग तो चाळणीत उभा ठेवला, तूप निथळायला.

त्या दिवशी ३६ झाले. ३३ वाणाच्या ताटात गेले, वर तुपाचा दिवा लावला. उरलेले तीन आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्यानंच खाल्ले, दीड-दीड.

यंदा, २०२६ मध्ये, अधिक महिना ज्येष्ठात आला, १७ मे पासून. भर उन्हाळ्यात तांदूळ निथळला की दहाव्या मिनिटापासून मी कापडाशी जाऊन मूठ दाबून बघत होते.